गाडी उभी ठेवून जाताना

मुलांकडे अमेरिकेत जाणारे आईवडील आपल्याकडे बहुधा एप्रिल-मेमध्ये निघतात. इथला उन्हाळा टळतो, नातवंडांची सुट्टी गाठता येते, आणि तिथे एका खेपेला साधारण सहा महिन्यांपर्यंत राहायला मिळत असल्याने परतीचे तिकीट दिवाळीच्या मागेपुढे काढलेले असते. म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा बंगल्याच्या आवारात राहिलेली गाडी नेमका अख्खा पावसाळा उभी असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आणि गोव्यातून बोटीवर जाणाऱ्यांचे तसेच, सीमेवर नेमणूक असलेल्या जवानांचे तसेच. गावच्या घरी जुनी गाडी ठेवून मुंबईत राहणारे चाकरमानीही शिमगा आणि गणपती एवढ्यापुरतेच तिच्यात बसतात.

या सगळ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. गाडी चालत नाही म्हणून तिची देखभाल थांबवू नका. निघण्याच्या गडबडीतला एक पूर्ण दिवस तिच्यासाठी काढा, आणि मागे तिच्याकडे बघणारा एक माणूस नक्की करून मगच जा.

‘चालली नाही म्हणजे झिजली नाही’ हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. चालल्याने टायर, क्लच, ब्रेक झिजतात हे खरे. पण रबर वयाने कडक होते, बॅटरी आपोआप उतरते, पत्र्याला ओल लागते, तेलात आम्ल तयार होते, आणि यातल्या कशालाही किलोमीटर लागत नाहीत. गाडीच्या सर्व्हिस बुकात म्हणूनच दोन आकडे छापलेले असतात. बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किंवा १५,००० किलोमीटर अथवा एक वर्ष, यांतले जे आधी येईल ते. ‘जे आधी येईल ते’ हे शब्द लोक वाचतच नाहीत. वर्षभरात गाडी दोन हजार किलोमीटर फिरली, मग सर्व्हिसिंग कशाला, असे म्हणून पुढे ढकलतात आणि वॉरंटीत काही बिघडले की कंपनी त्याच वाक्यावर बोट ठेवते. किलोमीटर मोजून सर्व्हिसिंग करणे जमत नसेल तर निदान कॅलेंडरवर तारीख मांडा. ती तारीख तुमच्या परदेशातल्या मुक्कामात येत असेल तर सर्व्हिसिंग निघण्याआधी करून घ्या, परत आल्यावर नको.

‘आधी’ म्हणण्याला कारण आहे. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये जळलेल्या इंधनाचा कचरा, पाण्याचा अंश आणि आम्ल मिसळलेले असते. तेच तेल सहा महिने इंजिनात साचून राहिले तर ते आतल्या धातूला खात बसते. ताजे ऑइल आणि नवा फिल्टर घालून गाडी दहा-वीस किलोमीटर फिरवून आणली की ते सगळीकडे पोहोचते आणि गाडी स्वच्छ तेलात उभी राहते. खर्च तोच असतो, फक्त वेळ बदलायची.

ब्रेक ऑइलबद्दल जरा थांबून सांगायला हवे, कारण त्याची आठवण मालकाला नसते आणि गॅरेजवाला विचारत नाही. हे द्रव हवेतला दमटपणा शोषून घेते, गाडी चालो वा न चालो. पाणी मिसळले की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. गावातल्या गावात काही कळत नाही. पण आंबोली किंवा वरंधा घाट उतरताना सतत ब्रेक दाबून तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळू शकते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पायाखाली मऊ पडून खाली जाते. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलावे, असे बहुतेक कंपन्या सांगतात. कोकणातल्या हवेत त्याहून उशीर करू नका. कूलंटचेही असेच. पातळी कमी दिसली की नळाचे पाणी ओतून मोकळे होऊ नका. त्या पाण्याने रेडिएटर आतून गंजतो आणि क्षार धरतात.

आता सगळ्यात जास्त घोटाळा जिथे होतो तिथे येऊ, म्हणजे बॅटरीकडे. ‘वॉचमनला सांगितलंय, आठवड्यातून दहा मिनिटं चालू करून ठेवतो’ हे वाक्य प्रत्येक सोसायटीत ऐकू येते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, वॉचमनही बिचारा सांगितलेले करतो. पण यात गाडीचे भले कमी आणि नुकसान जास्त आहे.

हिशेब साधा आहे. गाडी बंद करून कुलूप लावले तरी घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर आणि वेगवेगळे कंट्रोल युनिट थोडा करंट खात राहतात. तो ३० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला पाऊण अँपिअर-अवरच्या जवळपास जातो, महिन्याला वीस-बावीस. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते. म्हणजे धडधाकट बॅटरीसुद्धा महिन्या-दीड महिन्यात सेल्फ न मारण्याइतकी उतरते. तीन-चार वर्षांची जुनी असेल तर त्याआधीच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गाड्या महिनोन्‌महिने जागच्या हलल्या नाहीत, तेव्हा हा हिशेब घरोघरी पाहायला मिळाला. आणि शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो. मग चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी भरत नाही.

दहा मिनिटे उभ्या उभ्या इंजिन चालवल्याने हे भरून निघत नाही. आयडलवर अल्टरनेटर आपल्या क्षमतेचा काही भागच देतो, त्यात पंखा किंवा एसी चालू राहिला तर विचारायलाच नको. दुसरीकडे, एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. गाडी पळाली तर सायलेन्सर तापून ती वाफ निघून जाते. दहा मिनिटांत सायलेन्सर पुरता तापत नाही, पाणी आतच थंड होऊन बसते आणि पत्रा आतून सडतो. थोडे पाणी आणि न जळलेले पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरते. बीएस-६ डिझेल गाडीत तर धुराची काजळी धरणारा फिल्टर असतो, तो मोकळा व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगाने काही वेळ चालावी लागते. उभ्या उभ्या चालवून तो फक्त तुंबतो.

तेव्हा दोनच मार्ग धरा. गाडी चालवू शकणारा, परवाना असलेला आणि तुमचा विश्वास असलेला कोणी असेल तर त्याला दर पंधरा दिवसांनी ती पंधरा-वीस किलोमीटर बाहेर काढायला सांगा. गिअर सगळे पडू देत, ब्रेक लागू देत, थोडा वेळ एसी चालू दे म्हणजे कॉम्प्रेसरच्या आतले सील सुकत नाहीत. असा माणूस नसेल तर कोणालाच चालू करायला सांगू नका. बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची वायर काढा आणि गाडीला निवांत झोपू द्या. अर्धवट चालू-बंद करण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

वायर काढण्याचे काम दहा नंबरच्या पान्याने पाच मिनिटांत होते. आधी वजा टर्मिनल काढायचे, परत लावताना ते शेवटी लावायचे, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. पण त्याआधी एक खात्री करा. वायर काढली की रिमोट निकामी होतो आणि दार लोखंडी किल्लीनेच उघडावे-लावावे लागते. रिमोटच्या पोटात लपवलेली ती किल्ली कित्येकांनी कधी बाहेरच काढलेली नसते. ती कुलपात फिरते का, हे बॅटरी चालू असतानाच पाहा. वायर न काढणार असाल तर बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली गाडीपासून लांब ठेवा, जवळ असली की काही गाड्या तिचा सिग्नल ओळखून पुन्हा पुन्हा जाग्या होतात. पार्किंगमध्ये स्वतःचा प्लग असेल तर बॅटरी भरली की आपोआप थांबणारा चार्जर मिळतो, तो उत्तम. विजेवरची गाडी असेल तर मोठी बॅटरी शंभर टक्के भरूनही ठेवू नका आणि रिकामीही नको. निम्म्याच्या आसपास ठेवा आणि कंपनीच्या पुस्तकातले पान वाचून जा. त्या गाडीतही बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते, ती उतरली की रिमोटने दारही उघडत नाही, हे लक्षात असू द्या.

पेट्रोलची टाकी भरून ठेवा. आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत जितकी मोकळी जागा, तितकी दमट हवा आत. परत आल्यावर जुन्या पेट्रोलवर लांब न जाता जवळच्या पंपावर थोडे ताजे भरून घ्या. सीएनजीवाल्यांसाठी जास्तीची सूचना अशी, की सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करून जा आणि सिलिंडरच्या तीन वर्षांच्या हायड्रो टेस्टची तारीख तुमच्या गैरहजेरीत संपत नाही ना, ते बघा. सीएनजी गाडीतले पेट्रोल तर एरवीही महिनोन्‌महिने पडून असते. निघण्याआधीचा आठवडा गाडी पेट्रोलवर चालवून ते संपवा आणि नवे भरा.

हँडब्रेक ओढून जाऊ नका. पावसाळ्यात मागच्या ड्रममध्ये गंज धरून लायनर चिकटतात आणि सहा महिन्यांनी गाडी हलवायला गेले की चाक फिरतच नाही. सपाट जागा बघा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर, आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा दगड लावा. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त भरा, म्हणजे एकाच जागी वजन पडून ते चपटे होण्याचे प्रमाण कमी होते. याच वेळी टायरचे वय वाचून घ्या. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. कमी चाललेल्या गाड्यांचे टायर नक्षी शाबूत असतानाच म्हातारे होतात, बाजूला बारीक चिरा दिसू लागतात. ‘नक्षी तर नवी आहे’ म्हणून असे टायर द्रुतगती मार्गावर नेऊ नका. स्टेपनीही यात धरा, तिचे वय कोणी बघत नाही.

जागेचा विचार पावसाच्या हिशेबाने करा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले. तळघरातले पार्किंग उन्हापासून वाचवते, पण पाणी भरले की सगळ्यात आधी तेच बुडते. इमारतीचे तळघर पूर्वी कधी भरले असेल, तर पावसाच्या चार महिन्यांपुरती वरची जागा सोसायटीकडे मागून घ्या. एका पावसाळ्यापुरती विनंती शेजारी मानतात. गाडी पाण्यात बुडालीच, तर कोणीही तिला चालू करायचे नाही, हे ज्याच्याकडे किल्ली ठेवाल त्याला आधीच बजावून ठेवा. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना सेल्फ मारला तर पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन कामातून जाते. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. नदीकाठी किंवा सखल भागात राहत असाल तर ती घ्या.

कोकणात आणि गोव्यात माडाखाली गाडी लावू नका, हे तिथल्यांना सांगायला नको, पण मुंबईहून आलेले सावली बघून लावतात. आंबा, वड, पिंपळ यांचा चीक आणि पाखरांची विष्ठा रंग खाते. बोनेट आणि काच यांच्यामधल्या खाचेत पाने साचली की पाणी जायचे भोक बुजते आणि ते पाणी थेट पायाखालच्या गालिच्यात उतरते. समुद्राजवळची खारी हवा पत्र्याच्या कडांना पकडते, म्हणून उभी करण्याआधी गाडी खालूनही धुऊन पूर्ण वाळवा. प्लास्टिकचे कव्हर घालून तर अजिबात जाऊ नका. आतली वाफ बाहेर जात नाही, रंगावर फोड येतात. हवा खेळणारे कापडी कव्हर घ्या किंवा छपराखाली उघडी राहू द्या. आतल्या बुरशीसाठी निघण्याच्या दिवशी एसी बंद ठेवून नुसता पंखा दहा मिनिटे चालवा, म्हणजे कॉइल वाळते. सीट आणि पायपुसणी कोरडी असू द्या.

उंदरांचा विषय हसण्यावारी नेऊ नका. पावसात बिळांत पाणी शिरले की त्यांना कोरडी, अंधारी जागा हवी असते आणि बोनेटखाली ती आयती मिळते. ते वायरींचे आवरण कुरतडतात, एअर फिल्टरच्या डब्यात घरटे करतात. एका तुटलेल्या वायरीसाठी कधी कधी सगळा वायरिंगचा जुडगा बदलावा लागतो आणि त्याचा खर्च हजारांत जातो. तंबाखूची पाने, डांबराच्या गोळ्या हे उपाय लोक करतात. वास आहे तोवर काही ठिकाणी त्यांचा उपयोग होतो, पण वास उडाला की संपले, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी ते बदलावे लागतात. खरा उपाय कंटाळवाणा आहे. गाडीत बिस्किटाचा चुराही ठेवायचा नाही, कचऱ्याच्या डब्याजवळ लावायची नाही, हवा आत घेणाऱ्या तोंडांना बारीक जाळी लावायची आणि मधूनमधून बोनेट उघडून बघायचे. विष घालू नका. उंदीर आतच मरतो, आणि मांजर-कुत्र्यांनाही धोका.

कागदपत्रांचे काम घरबसल्या होते, तरी तेच राहून जाते. विम्याची मुदत तुमच्या मुक्कामात संपत असेल तर आधीच भरून जा. खंड पडला की गाडी पाहिल्याशिवाय कंपन्या सहसा नूतनीकरण करत नाहीत, आणि तुम्ही साता समुद्रापार. मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर साठलेला नो क्लेम बोनस जातो. सलग पाच वर्षे दावा न केलेल्यांचा तो ५० टक्के असतो, म्हणजे लहान रक्कम नाही. ‘उभ्या गाडीला विमा कशाला’ असे म्हणणाऱ्यांना आठवण करून द्यायची ती चोरीची, आगीची, पडलेल्या झाडाची. शिवाय तुमच्या वतीने कोणी गाडी रस्त्यावर काढणार असेल, तर थर्ड पार्टी विमा कायद्याने हवाच. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पीयूसी बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षातून एकदा, त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी लागते. नोंदणीला १५ वर्षे पूर्ण होत असतील तर आरटीओत गाडी दाखवावी लागते, हे परदेशातून होत नाही. गाडी रस्त्याच्या कडेला धूळ खात ठेवून तर जाऊच नका. महापालिका बेवारस म्हणून नोटीस चिकटवते आणि मुदत संपली की उचलून नेते. ती नोटीस तुमच्या वतीने वाचणारा तिथे कोणी नसतो.

म्हणून तो माणूस महत्त्वाचा. भाचा असेल, शेजारचे काका असतील, नेहमीचा मेकॅनिक असेल. मेकॅनिक असेल तर त्याचे पैसे आधी ठरवा आणि द्या, उपकारावर सहा महिने काम चालत नाही. एका कागदावर लिहून द्या: काय करायचे, काय करायचे नाही, विमा कंपनीचा नंबर, गॅरेजचा नंबर. प्रत्येक खेपेला किलोमीटरच्या काट्याचा आणि टायरचा फोटो व्हॉट्सॲपवर मागा. यात अविश्वास नाही. फोटो पाठवायचा असला की माणूस गाडीपर्यंत जातो.

परत आलात की विमानतळावरून घरी पोहोचताच किल्ली फिरवू नका. दिवसाउजेडी बोनेट उघडा, घरटे, कुरतडलेली वायर, गळलेले तेल बघा. ग्रामीण भागात असाल तर हात घालण्याआधी बोनेटवर थाप मारा, काठीने हलवून बघा. साप दिसला तर स्वतः काढायला न जाता सर्पमित्राला बोलवा. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल यांची पातळी पाहा, हवा नेहमीच्या मापावर आणा, मग बॅटरीची वायर जोडा. बॅटरी उतरलीच असेल तर साधी गिअरची गाडी धक्का मारून सुरू होईल, ऑटोमॅटिकला मात्र धक्का मारू नका. सुरू झाली की रिकाम्या रस्त्यावर हळू चालवत चार-पाच वेळा ब्रेक दाबून पाहा. डिस्कवर गंजाचा पातळ थर असतो, तो आधी खरखरतो आणि मग जातो. खरखर गेली नाही, गाडी एका बाजूला ओढली किंवा पेडल मऊ लागले, तर ती घाटात नेण्याआधी गॅरेजमध्ये दाखवा.

आणि दरवर्षीच सहा-सहा महिने जाणे ठरलेले असेल, मागे बघणारे कोणी नसेल, तर गाडी विकून टाका. मनाला लागते, पण उभ्या गाडीची किंमत वर्षागणिक उतरते आणि विमा, सर्व्हिसिंग, बॅटरी यांचा खर्च थांबत नाही. इथे असाल तेव्हा भाड्याची गाडी स्वस्त पडेल. विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून पैसे घेतले की काम संपले असे समजू नका. आरटीओच्या नोंदीत नवे नाव चढेपर्यंत त्या गाडीने केलेल्या अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकाकडे मागितली जाऊ शकते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते स्पष्ट केलेले आहे. नाव बदललेले आरसी डोळ्यांनी पाहूनच विमानात बसा.